एक बाजू कोरी

ताईचं पत्र आलं तेव्हा थंडी होती. आता पंख्याखाली बसल्याशिवाय दुपार जात नव्हती, तरी त्याचं उत्तर गेलं नव्हतं. प्रूफकाकांना ते पत्र पाठ होतं. पाकिटासकट ते त्यांनी मोठ्या शब्दकोशात ठेवलं होतं, आणि त्यामुळे हल्ली एखादा शब्द अडला की ते छोट्या शब्दकोशावर भागवत.

पत्र तसं साधंच होतं. ताई ही काकांची सख्खी मोठी बहीण. दुसऱ्या गावात, तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत एकटी राहायची. गुडघे जिन्याशी भांडायला लागले म्हणून तिनं लेकीच्या शेजारी तळमजल्यावर एक खोली घ्यायचं ठरवलं होतं. फोनवर बोलणं तिच्या कानांना आता जमत नसे, म्हणून तिनं लिहिलं होतं, "छोट्या, सामान आवरायला घेतलं आहे. आईचे डबे अजून आहेत. बिस्किटांचा, कोकोचा, जहाजाच्या चित्राचा, सगळे. नव्या खोलीत मावणार नाहीत. तुला हवेत का? हवे असतील तर ये, दोन दिवस राहा, मलाही हाताखाली कुणीतरी पाहिजे. उन्हाळा संपायच्या आत कळव. नाही कळवलंस तर नकोत असं समजून भंगारवाल्याला देईन. रागावणार नाही."

त्या शेवटच्या दोन शब्दांखाली काकांनी मनातल्या मनात पेन्सिलीची रेघ मारून ठेवली होती.

काकांची सगळी नोकरी एका छापखान्यात प्रुफं तपासण्यात गेली. नाव त्यावरून पडलं, आणि इमारतीतल्या नव्या बिऱ्हाडांना तर त्यांचं दुसरं नाव ठाऊकच नव्हतं. लोकांच्या चुका काढता काढता एक झालं की स्वतःच्या एकाही वाक्यावर त्यांचा विश्वास राहिला नाही. बोलतानाही ते मधेच थांबत, आपण बरोबर बोलतोय ना हे बघायला, आणि तोवर समोरचा विषय बदलून मोकळा होई.

आता या पत्रालाच काय उत्तर द्यायचं? आईच्या शेवटच्या आजारपणात तिचं सगळं ताईनं केलं होतं. औषधं, पथ्यं, रात्रीची जागरणं. काका सुटी मिळेल तसे जात, आईच्या उशाशी पुस्तक वाचत बसत आणि परत येत. मग 'हवेत' म्हणावं तर करायला हा नव्हता, न्यायला मात्र आला, असं होई. 'नकोत' म्हणावं तर आईच्या वस्तूंचीही याला माया नाही, असं होई. घोडं तिथेच पेंड खात होतं. आणि जसजसा उशीर होत गेला तसतसं उत्तरही चांगलं व्हायला हवं असं त्यांना वाटू लागलं. आठवड्याच्या उशिराला चार ओळी चालतात. ऋतू उलटून गेल्यावर चार ओळी कशा चालतील?

म्हणून ते रोज दुपारी, काकू जरा पडल्या की, मसुदा लिहायला बसत. आणि इथे काकूंच्या स्वयंपाकघराबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिथूनच झालं.

त्या घरात वस्तू आत यायची, बाहेर जायचं नाव काढायची नाही. कॉफीच्या बाटलीत मोहरी होती, मधाच्या बाटलीत मिरी, लहान मुलांच्या दुधाच्या पावडरीच्या डब्यात साबणाचे तुकडे; त्या पावडरीवर वाढलेला मुलगा स्वतः आता चाळिशीचा होता. ब्रेडच्या पिशव्या धुऊन दोरीवर चिमटे लावून वाळत. अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या ट्रेमध्ये मिरचीची रोपं उगवत. दुधाच्या पिशव्यांचं काय करायचं हे मात्र काकूंना अजून सुचलं नव्हतं, आणि ते शल्य त्यांना होतं. पाहुण्या बाईनं एकदा स्वतः चहा करून घ्यायचा आग्रह धरला आणि 'साखर' लिहिलेल्या डब्यातला धुण्याचा सोडा कपात घातला, तेव्हापासून काकू पाहुण्यांना स्वयंपाकघरात येऊ देत नसत, एवढंच. घरच्यांना लेबल वाचायची सवयच नव्हती. काकू म्हणत, "लेबल काय, माणसाच्या डिग्रीसारखं. आत काय आहे ते झाकण उघडल्यावर कळतं."

कागदालाही नियम होता. एक बाजू कोरी असेल तो कागद केरात जायचा नाही. पिठाच्या खाकी पिशव्या कडेनं उकलून, पुसून, हातानं सपाट करून ओट्याखालच्या खणात रचल्या जात. काकांना लिहायला कागद लागला तर तोच. नवी वही उघडायला परवानगी होती, पण तसं करताना काकू नुसत्या बघत, आणि ते पुरे होई.

तर काका खाकी कागदावर शिसपेन्सिलीनं मसुदा लिहीत. अर्ध्या पानापर्यंत पोचले की त्यांना तो खोटा वाटू लागे. मग तो फाडून टाकायचा, तर मागची बाजू कोरी. इतक्या वर्षांच्या संसारानंतर एक बाजू कोरी असलेला कागद फाडायला हात धजत नसे. शेवटी त्यांनी युक्ती काढली. फसलेला मसुदा ते लिहिलेली बाजू खाली करून खणाच्या अगदी तळाशी सरकवत. वर इतका गठ्ठा असताना तळाशी कोण बघतंय, असा त्यांचा हिशेब.

हिशेब चुकला, कारण काकू कागद नेहमी तळाचाच घेत. वरच्या वजनानं तो इस्त्री केल्यासारखा सपाट झालेला असे.

उन्हाळ्याच्या तोंडाशी फळवाला उतरणीला लागलेली संत्री काकूंसाठी बाजूला काढून ठेवी, आणि काकू त्यांचा जॅम करत. रिकाम्या बाटल्या होत्याच. झाकणांवर मात्र जुन्या मालाची नावं छापलेली, आणि बाहेर जाणाऱ्या बाटलीवर 'लसूण चटणी' असं नाव असलेलं काकूंना चालत नसे. घरातलं घरात, पण लोकांना फसवायचं नाही. म्हणून त्या तळाचा कागद घेत, कोऱ्या बाजूवर झाकण ठेवून गोल आखत, कातरीनं कापत, कणकेच्या खळीनं झाकणावर चिकटवत आणि वर 'संत्रं' लिहीत. कोरी बाजू वर, लिहिलेली बाजू खळीत. चष्मा बाहेरच्या खोलीत असे, आणि 'ह्यांच्या प्रुफांत' त्यांनी कधी डोकं घातलं नव्हतं. मग बाटल्या इमारतभर जात. अट एकच. बाटली धुऊन परत, झाकणासकट. बाटली फुटली तर काकू क्षमा करत. झाकण हरवलं तर ते बिऱ्हाड पुढच्या वर्षी यादीतून गळे.

आणि बाटली धुवायची म्हणजे झाकणही पाण्यात जाणार. खळ भिजून सुटणार. शाई असती तर वाहून गेली असती, पण शिसपेन्सिल पाण्याला दाद देत नाही.

एका सकाळी काका दूध घेऊन जिना चढत होते. खालच्या मजल्यावरच्या नर्सबाई रात्रपाळी करून दाराशी चपला काढत होत्या. त्यांनी वर बघून अगदी सहज विचारलं, "काका, मग डब्यांचं काय ठरलं?"

काकांना वाटलं, बाटल्यांबद्दल विचारतेय. ते म्हणाले, धुऊन पाठवा, घाई नाही.

"आमच्या बाटलीचं नाही हो. आईंच्या डब्यांचं. ताईंना कळवलंत का?"

काका कठड्याला धरून उभे राहिले. पिशवीतलं दूध तेवढं हलत होतं. नर्सबाईंच्या लक्षात आलं की काहीतरी भलतंच झालं. त्या आत गेल्या आणि स्वयंपाकघराच्या खिडकीच्या काचेवर वाळायला चिकटवलेला एक खाकी गोल काढून घेऊन आल्या. काकांचंच अक्षर. वाक्य सुरुवातीला आणि शेवटी गोलाईत कापलं गेलं होतं, मधलं मात्र स्वच्छ होतं.

नर्सबाई म्हणाल्या, की त्यांनी मुद्दाम नाही वाचलं. वाळत घातला होता, चहा पिताना समोर येत गेला. आणि खाली दुकानातल्या टेलरमास्तरांकडेही एक आहे.

काकांनी घरी येऊन दूध ओट्यावर ठेवलं, तो गोल टेबलावर ठेवला आणि चपला न काढता खुर्चीत बसले. आयुष्यभर ते दुसऱ्याच्या लेखनातली चूक जगापुढे जाण्याआधी पकडत आले होते. आणि इथे त्यांचा स्वतःचा कच्चा मसुदा, खाडाखोडीसकट, जॅमबरोबर घरोघर वाटला गेला होता. इमारत सोडून जावं की काय, असा विचार त्यांनी गंभीरपणे केला. पण पुस्तकांची कपाटं आठवली आणि तो बारगळला.

तेवढ्यात बेल वाजली. टेलरमास्तर दारात, हातात धुतलेली बाटली, गळ्यात टेप. मास्तर मोठ्या आवाजाचे आणि आडपडदा न ठेवणारे. ते थेट खुर्ची ओढून बसले आणि खिशातून गोल काढून टेबलावर ठेवला.

"काका, हे तुमचं असं वागणं बरं नाही. इथे लिहिलंय, 'ताई, तुला आठवतं का, जहाजाच्या डब्यावर तू माझं बोट धरून' आणि झाकण संपलं. पुढे काय? आठवडा झाला, मी बटणं उलटी लावतोय."

काकांनी स्वतःलाही न कळत सांगून टाकलं. "वाचायला शिकवलं. त्या डब्यावरची अक्षरं. घरात पुस्तकं नव्हती. आईच्या फळीवरचे डबे, तेच माझं पहिलं वाचन."

"मग?"

मग काका थांबले नाहीत, ही त्यातली नवलाची गोष्ट. त्यांनी सांगितलं की जहाजाच्या डब्यावर 'उत्तम चहा' असं छापलेलं होतं आणि आत डाळ असे. ते अक्षर लावून लावून मोठ्यानं वाचत आणि मग झाकण उघडून हिरमुसले होत. छापलेलं एक आणि आत दुसरं, हे कसं, म्हणून त्यांनी ताईला विचारलं होतं. ताई सात-आठ वर्षांची असेल. ती म्हणाली होती, छापणाऱ्याला आपल्या घरी डाळ आहे हे कुठून ठाऊक, आपण त्याला सांगायला पाहिजे. प्रुफं तपासायचं खूळ डोक्यात शिरलं ते तिथून.

टेलरमास्तर जोरात हसले. म्हणाले, की एवढं सगळं तोंडानं येतं आणि कागदावर अर्धं झाकण भरत नाही, म्हणजे कापड भरपूर आणि कात्री मोडकी. आणि ते गेले, कारण खाली गिऱ्हाईक ओरडत होतं.

काकू इतका वेळ स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी ताईचं पत्र आलं होतं हेच पहिल्यांदा ऐकलं होतं.  बाहेरच्या खोलीत गेल्या, चष्मा आणला, आणि टेबलावरचे दोन्ही गोल उलटसुलट करून वाचले. मास्तरांचा वाचून त्यांनी तो हळूच बाजूला ठेवला. नर्सबाईंच्या गोलावर मात्र त्या अडल्या. त्यावर लिहिलं होतं, 'आईचे डबे मला हवेच होते गं ताई, पण हिच्या स्वयंपाकघरात आधीच बोट शिरायला जागा नाही, आणि तिला विचारायचं म्हणजे'.

"अहो, म्हणजे काय?" काकू म्हणाल्या. "पुढे काय होतं?"

काकांनी मास्तरांचा गोल उगाच सरळ केला.

"जागा नाही असं मी कधी म्हटलं?"

"नाही म्हटलंस." काकांनी चष्मा काढून पुसला. "मीच ठरवलं. कारण पाहिजे होतं मला एक."

"आणि खापर माझ्या डोक्यावर फोडलंत. तेही नर्सबाईंच्या झाकणावर."

यात रागाबरोबर थोडं हसूही मिसळलेलं होतं, पण काकांना ते दिसलं नाही. त्यांना एवढंच दिसलं की बायको दुखावली आहे, आणि ते बरोबरच होतं. मग त्यांनी सगळं सांगितलं: ताईनं आईचं केलं ते, आपण उशाशी पुस्तक वाचत बसलो ते, मागावं तर लाज आणि नाकारावं तर त्याहून मोठी लाज. काकू ऐकत असताना हातानं मास्तरांनी आणलेली बाटली पुसत होत्या. ती केव्हाच कोरडी झाली होती.

"तुम्ही उशाशी वाचत होतात ते मोठ्यानं की मनात?" त्यांनी विचारलं.

"मोठ्यानं. आईला आवडायचं."

"मग?" काकू म्हणाल्या. "औषध ताईंनी दिलं, वाचून तुम्ही दाखवलं. आता हक्क कुणाचा किती, ते डबे विचारणार आहेत का तुम्हाला?"

आणि त्या स्वयंपाकघरात गेल्या. थोड्या वेळानं आतून खडखडाट ऐकू येऊ लागला. काका जाऊन बघतात तर काकूंनी खिडकीशेजारची पूर्ण फळी रिकामी करायला घेतली होती. ही फळी म्हणजे त्यांच्या लहान बाटल्यांची. औषधांच्या, अत्तराच्या, खाण्याच्या रंगांच्या, ज्यांचा अजून काही उपयोग सापडला नव्हता पण सापडेल अशी खात्री होती. त्या सगळ्या त्यांनी एका खोक्यात भरल्या. नर्सबाईंच्या दवाखान्यातल्या बागेत म्हणे रोपांच्या कलमांना लहान बाटल्या लागतात. काकूंनी खोका दाराशी ठेवला, फळी ओल्या फडक्यानं पुसली आणि काकांना म्हणाल्या, "बघा. बोट शिरतंय का?"

काकांनी खरंच बोट ठेवून बघितलं. फळी गार होती.

त्या दुपारी काकू पडल्या नाहीत. इमारतीतल्या उरलेल्या बाटल्याही एकेक करून आल्या होत्या, आणि बातमी जिन्यावरून फिरल्यामुळे बहुतेकांनी सुटलेले गोलही आणून दिले होते, घडी न घालता, काही तर वहीत दाबून. काकांनी ते टेबलावर मांडले. सगळे मिळून एक पत्र होतंय का, हे ते सवयीनं बघू लागले. होत नव्हतं. एका गोलावर 'उशिराबद्दल क्षमस्व' होतं, दुसऱ्यावर 'तुझ्या प्रकृतीस आराम असेल अशी आशा', तिसऱ्यावर नुसती खाडाखोड. पण त्यांच्या एक लक्षात आलं. लोकांनी ज्या गोलांबद्दल विचारलं ते हे नव्हतेच. क्षमस्व कुणी विचारलं नव्हतं, प्रकृती कुणी विचारली नव्हती. विचारलं होतं ते जहाजाच्या डब्याचं आणि 'हवेच होते गं'चं. ही दोन वाक्यं त्यांनी लिहिली तेव्हा अगदी बेसावध होते, आणि नंतर तीच वाचून सगळा मसुदा रद्द केला होता.

त्यांनी खणातून कागद घेतला. वरचा घेतला, तळाचा घ्यायची हिंमत आता नव्हती. काकू समोर बसून बाटल्या मोजत होत्या, आणि मधेच विचारत, झालं का. काका लिहीत राहिले.

"ताई, उशीर झाला. डबे हवेत. मागायचा हक्क आहे की नाही हे मी पंख्याखाली बसून ठरवत राहिलो, आणि त्यात उन्हाळा निघून चालला. आईचं तू केलंस. मी नुसतं वाचून दाखवलं. पण वाचायला तूच शिकवलंस, जहाजाच्या डब्यावर माझं बोट धरून, म्हणून तो डबा मला फार हवा आहे. बाकीच्यांतला एखादा तुला ठेवावासा वाटला तर ठेव, तेवढी जागा लेकीकडे निघेल. हिनं इथे एक फळी रिकामी केली आहे. येत्या आठवड्यात आम्ही दोघं येतो आणि तुझं घर आवरून देतो. मला बांधाबांध जमत नाही हे तुला ठाऊक आहे, पण हिला जमते. तू काही टाकायला काढलं असशील तर ही येईपर्यंत टाकू नकोस, नाहीतर ती रुसेल. नंतर चार दिवस आमच्याकडे चल. भंगारवाल्याला सांग, त्याला उशीर झाला. छोट्या."

काकूंनी चष्म्यातून ते वाचलं. रुसेल हा शब्द त्यांना पसंत नव्हता, पण खोडून कागद खराब करण्याइतका नापसंतही नव्हता.

पाकीट घरात नव्हतं. नवं आणायला काका उठले, तर काकूंनी ताईच्या पत्राचं पाकीट मागितलं. मोठा शब्दकोश खूप दिवसांनी उघडला. काकूंनी ते पाकीट केटलीच्या वाफेवर धरलं, चिकटवलेल्या कडा हलकेच सोडवल्या, आतली बाजू बाहेर करून पुन्हा घडी पाडली आणि उरलेल्या खळीनं चिकटवलं. आता बाहेरून ते नवं कोरं दिसत होतं आणि आतून त्यावर ताईनं लिहिलेला काकांचा पत्ता होता. काकांनी वर ताईचा पत्ता लिहिला. अक्षर वळणदार आलं.

संध्याकाळी दोघं निघाले. काकूंना फळवाल्याकडे जायचंच होतं. खाली नर्सबाई कामावर जायला निघाल्या होत्या. बाटल्यांचा खोका त्यांच्या काखेत होता. त्यांनी पाकिटाकडे बघून मान हलवली. टेलरमास्तर मात्र दुकानातून ओरडून म्हणाले, की पुढे काय झालं ते समजेपर्यंत आपण काकूंची पुढच्या खेपेची बाटली परत करणार नाही. काकू म्हणाल्या, बाटली ठेवा, झाकण द्या.

टपालकचेरीत तिकीट घेऊन काकांनी ते चिकटवलं. तिकिटाजवळची कड अजून ओलसर होती, तिथे त्यांनी अंगठा दाबून धरला. मग बाहेर येऊन लाल पेटीपुढे उभे राहिले. पाकीट फटीत अर्धं गेलं आणि हात थांबला.

"आता काय?" काकूंनी विचारलं.

"'उशीर झाला' दोनदा आलंय. सुरुवातीला एकदा आणि शेवटी एकदा."

"येऊ दे की. एकदा तुम्हाला झाला, एकदा भंगारवाल्याला."

काकांनी यावर विचार केला. तपासून बघायला दुसरं काही उरलं नव्हतं. त्यांनी बोटं सोडली. पाकीट आत, आधीच्या पत्रांवर पडल्याचा हलका आवाज झाला, आणि काकू पिशवी झटकून संत्री घ्यायला पुढे निघाल्या.